पहिल्यांदा स्कुबा करायचंय, विहिरीत पोहणं येतं, समुद्र फक्त जुहूला पाहिलाय

रावेरचा_केळीवाला
१४ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की भाच्याने मालवणचा व्हिडिओ पाठवला, तोंडात नळी, आजूबाजूला पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणि हा पठ्ठ्या पाण्याखाली बसून हात हलवून राहिला. आमच्या पोरीने तो पाहिला (वय १३) आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. खरं सांगू का, मलाच जायचंय, पोरीचं निमित्त आहे.

माझं वय ४३, केळीची बाग आहे, मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, मुटके मारण्यात गावात नाव होतं, तळातला गोटा काढून आणायचो, दम अजून चांगला आहे. पोरगी भुसावळला मामाकडे जाऊन टँकवर शिकलीय. पोरगा ८ वर्षांचा, तोही मागे लागलाय. बायकोला अजिबात पोहता येत नाही, ती म्हणते मी काठावर बसून तुमच्या चपला सांभाळते.

तर हे नेमकं असतं काय, कोर्स करावा लागतो का नुसतं जाऊन करता येतं, पोहणं कितपत लागतं, कधी जावं, आणि फसवाफसवी किती आहे? दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार आहे.

भुसावळ_जंक्शन
१४ सप्टेंबर, रात्री ११:०५

केळीवाले भाऊ, एवढ्या लांब कशाला, हतनूरच्या बॅकवॉटरला जा. केळीचा घड बांधा कमरेला वजन म्हणून आणि सोडा स्वतःला. मासे तिथंही आहेत.

मेहरूणची_मासोळी
१५ सप्टेंबर, सकाळी ८:२०

जंक्शन दादांचं कोणी मनावर घेऊ नका प्लीज :) हतनूरला गाळ इतका साठलाय की पाण्याखाली स्वतःचा हात दिसायचा नाही, आणि धरणात, डोहात असं काही करायला जाऊच नये. तापी-गिरणेत दरवर्षी पोरं जातात ती काय कमी आहेत.

मी मूळची जळगावची, आता पुण्यात. अंदमानला हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप म्हणतात) ओपन वॉटर कोर्स केला, नंतर मुर्डेश्वरजवळ नेत्राणी बेटाला दोनदा गेले. त्यामुळे थोडं अनुभवाने लिहिते.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या आधी वेगळ्या करा. एक म्हणजे नुसता अनुभव, त्याला डिस्कव्हर स्कुबा किंवा ट्राय डाइव्ह म्हणतात. अर्धा दिवस जातो, सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट काही नाही, आधी जमिनीवर माहिती, मग उथळ पाण्यात सराव, मग इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून खाली नेतो. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १२ मीटर, पण पहिल्यांदाच्या माणसाला बहुतेक वेळा ५-६ मीटरच नेतात आणि तेवढंच बरं. वय १० वर्षं पूर्ण पाहिजे. म्हणजे लेक जाऊ शकते, मुलगा नाही. त्याला लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करू द्या, वर तरंगत मास्कमधून खाली बघायचं, तो त्यातही खूश होईल.

दुसरा म्हणजे खरा कोर्स, ओपन वॉटर डायव्हर. ३-४ दिवस, थिअरी, उथळ पाण्यातले सराव, समुद्रात ४ डाइव्ह, आणि मग जन्मभराचं कार्ड मिळतं, त्यावर १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाता येतं. त्याला पोहणं लागतंच, २०० मीटर न थांबता आणि १० मिनिटं नुसतं तरंगून दाखवायचं. खर्च वीस हजारांच्या वरच धरा. पहिल्याच वेळी हे करू नका, आधी एकदा खाली जाऊन बघा आवडतंय का.

ट्राय डाइव्हला पोहणं यायलाच पाहिजे असं नाही. आलं तर धीर राहतो एवढंच.

आणि हो, दिवाळीत नको. पाऊस संपून थोडेच दिवस झालेले असतात, पाणी गढूळ असू शकतं आणि गर्दी तर विचारू नका. पावसाळ्यात सगळं बंदच असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात पाणी स्वच्छ.

शहादेकर
१५ सप्टेंबर, दुपारी १:१५

फसवाफसवीबद्दल विचारलंय म्हणून आमचा किस्सा. तीन वर्षांपूर्वी आम्ही सहा मित्र मालवणला गेलो, किनाऱ्यावर उतरलो की लगेच माणसं मागे लागतात, स्कुबा स्कुबा. माणशी हजार म्हणाला, फोटो व्हिडिओ फ्री, आम्ही चढलो बोटीत. बोटीत आमच्यासारखे अजून वीसेक. माहिती म्हणजे काय तर, हे तोंडात धरा, तोंडाने श्वास घ्या, चला नेक्स्ट. सिलिंडर बोटीतच, त्याला लांब नळी, नळीचं टोक आपल्या तोंडात. खाली दहा-बारा फुटांवर एक माणूस दगडाला धरून बसवतो, दुसरा ब्रेडचा चुरा सोडतो, मासे जमले की फोटो, झालं वर. मोजून सहा-सात मिनिटं. माझा मास्क ढिला होता, नाकात पाणी गेलं, मी खोकलो तर त्याला वाटलं मजा येतेय. वर आल्यावर कान तीन दिवस भणभण करत होता, आणि पाठवलेल्या व्हिडिओत मी नाहीच, दुसराच कोणीतरी टकला.

धंदा करणाऱ्याचं नाव लिहीत नाही, आता तो तिथं आहे का तेही माहीत नाही. पण हे पण "स्कुबा"च म्हणून विकतात हे लक्षात ठेवा.

सातपुडा
१५ सप्टेंबर, दुपारी १:३०

टकला 😂😂

मेहरूणची_मासोळी
१५ सप्टेंबर, दुपारी ३:००

शहादेकर, यालाच मी भिते. सगळे तसे नाहीत, मालवण-तारकर्लीत चांगली माणसं भरपूर आहेत, एमटीडीसीची स्वतःची स्कुबा शिकवणारी संस्था तारकर्लीला आहे. केळीवाले दादा, फोनवरच चार गोष्टी विचारा. सिलिंडर माझ्या पाठीवर असणार का बोटीत? एका इन्स्ट्रक्टरमागे किती माणसं? (उत्तर "एक" पाहिजे, फार तर दोन.) आधी उथळ पाण्यात सराव घेता का? तब्येतीचा फॉर्म भरून घेता का? बोटीवर ऑक्सिजन किट आहे का? इन्स्ट्रक्टरचं पाडी किंवा एसएसआयचं (स्कुबाचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था) कार्ड दाखवता का? जो या प्रश्नांवर वैतागतो त्याच्याकडे जाऊच नका. चांगला माणूस उलट खूश होतो की गिऱ्हाईक शहाणं आहे.

पांझराकाठ
१५ सप्टेंबर, रात्री ९:१०

मी धुळ्याला फिजिक्स शिकवतो, स्वतः एकदाच केलंय. पण केळीवाले भाऊंच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून राहवलं नाही. "दम अजून चांगला आहे." भाऊ, तोच तुमचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम होणार आहे बघा.

स्कुबाचा पहिला नियम, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा विसरायचा नाही: श्वास कधीही धरून ठेवायचा नाही. कारण समजून घ्या. जमिनीवर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला अजून एक वाढतो. म्हणजे १० मीटरवर दुप्पट. तुम्ही विहिरीत वरून छाती भरून घेता आणि सूर मारता, खाली जाताना ती हवा दबून लहान होते, वर येताना परत होती तेवढी होते, हिशोब बरोबर सुटतो. म्हणून विहिरीत दम धरणं चालतं. स्कुबात तुम्ही खालीच, दाबाखालची हवा छातीत भरता. १० मीटरवर छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलात तर ती हवा दुप्पट जागा मागणार, आणि छाती काही दुप्पट होत नाही. फुप्फुस फाटू शकतं. आणि हे फार खोलच होतं असं नाही, भरल्या छातीने दम धरून चार-पाच फूट वर आलं तरी इजा होऊ शकते, कारण प्रमाणात बघितलं तर दाबाचा सगळ्यात मोठा फरक पृष्ठभागाजवळच पडतो. फुगा खाली नेऊन तिथंच, तिथल्या दाबाच्या हवेने गच्च भरा आणि सोडा, कुठं फुटतो बघा. (कोणी खरंच करू नका, प्लास्टिक होईल नदीत.)

म्हणून घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. सावकाश. घाबरलात तरी सोडत राहायचं.

अजून एक, लोक म्हणतात ऑक्सिजनची टाकी. नाही हो. साधी हवाच असते, आपण इथं धुळ्यात घेतो तीच (धूळ वजा जाता), गाळून आणि दाबून भरलेली. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो (एक बार म्हणजे साधारण एक वातावरणाचा दाब). १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी ती तोंडातली झडप बनवली, तिचं काम इतकंच की ज्या खोलीवर आहात त्या दाबाची हवा, तुम्ही ओढाल तेव्हाच द्यायची. बाकी वेळ ती गप्प. फार सुंदर वस्तू आहे, मी वर्गात शिकवताना नेहमी विषयांतर करतो तिथं.

रावेरचा_केळीवाला
१५ सप्टेंबर, रात्री ९:५०

सर, तीस वर्षं पोरांना सांगत आलो दम धर दम धर, आणि तुम्ही म्हणता धरायचाच नाही. झोप उडवली.

कानघसा
१६ सप्टेंबर, सकाळी ७:१५

ओपीडीच्या आधी पटकन लिहितो. शहादेकरांचा कान तीन दिवस का भणभणला ते सांगतो. कानाच्या पडद्यामागे हवेची एक पोकळी असते, ती घशामागे एका बारीक नळीने जोडलेली. पाण्यात बाहेरून दाब वाढतो, आतला तेवढाच राहतो, पडदा आत ढकलला जातो, दुखतं. म्हणून नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकात फुंकायचं, म्हणजे त्या नळीतून हवा आत जाते आणि कानात टिक होतं. विमानात करतो तसंच. पण दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. पाण्यात डोकं गेलं की पहिल्या हातापासून, दर दोन-तीन फुटांना. जोर लावायचा नाही. होत नसेल तर थांबा, हातभर वर या, परत करा. तरीही नाही झालं तर त्या दिवशी डाइव्ह नाही, विषय संपला. पैसे गेले तर गेले, पडदा जाऊ देऊ नका.

आत्ता घरी बसूनच करून बघा होतं का. सर्दी असेल तर अजिबात जाऊ नका, गोळी घेऊन नाक मोकळं करूनही नको, गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना पंचाईत होते.

तब्येतीच्या फॉर्ममध्ये खोटं लिहू नका हो. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरला दाखवा आणि लेखी घ्या. गरोदर असाल तर नाहीच.

आणि एक आपल्याकडचा खास मुद्दा. गुटखा खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही त्यांना ते रबरी माउथपीस नीट धरताच येत नाही. अशी माणसं मी रोज बघतो. स्कुबाचं जाऊ द्या, आधी तपासणीला या.

खापरपुरी
१६ सप्टेंबर, दुपारी १२:४०

मी अमळनेरची, शांतपणे वाचत होते. केळीवाल्या वहिनींसारखीच मी पण, पोहता येत नाही. माझे दोन प्रश्न, कोणी हसू नका. एक, कपडे काय घालतात? स्विमिंग सूट घालून बोटीवर वीस लोकांसमोर बसायचं असेल तर आमच्याकडून नाही व्हायचं. दोन, मंगळसूत्र, चमकी, केस यांचं काय?

मेहरूणची_मासोळी
१६ सप्टेंबर, दुपारी २:१०

ताई हसायचं काय त्यात, मला पहिल्यांदा हाच प्रश्न होता आणि विचारायला कोणी नव्हतं. वेटसूट मिळतो, जाड रबरी अंगभर सूट, मानेपासून घोट्यापर्यंत. आत लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून गेलात तरी कोणी काही म्हणत नाही. सुती ओढणी, सलवार नको, पाण्यात अडकते. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या लॉजवर काढून ठेवा, समुद्रात पडलं की गेलं. छोटी चमकी चालते. केसांना तेल लावू नका, मास्कचा पट्टा सरकतो. घट्ट वेणी घाला आणि कपाळावरची एकही बट मास्कच्या आत राहू देऊ नका, एका केसावाटे पाणी येतं.

पुरुषांनाही तेच. मिशा! मास्कची कड नाकाखाली बसते, तिथं झुपकेदार मिशी असली की पाणी झिरपतच राहतं. केळीवाले दादा, फोटोवरून वाटतंय तुम्हाला अडचण आहे.

भुसावळ_जंक्शन
१६ सप्टेंबर, दुपारी २:२५

भाऊची मिशी गेली तर रावेर तालुक्यात सुतक पाळतील.

सातपुडा
१६ सप्टेंबर, दुपारी २:४०

माले ते पानीनं भेव वाटस भो, मिशी ठेवीसन घरमाच बरा शे.

मेहरूणची_मासोळी
१६ सप्टेंबर, रात्री ८:३०

खुणा राहिल्या. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून हाताने सांगतात. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की सगळं ठीक. पंजा आडवा धरून डुगडुग हलवला म्हणजे काहीतरी गडबड, मग बोटाने दाखवायचं कुठं, कान तर कान. आणि आपला नेहमीचा वर केलेला अंगठा म्हणजे "मस्त" नाही, "वर चला". यात सगळे चुकतात, घरी सराव करा.

निघायच्या आधी टँकवर मास्क लावून बघा. मास्कमध्ये पाणी गेलं की वरची कड बोटांनी दाबायची, मान थोडी वर आणि नाकाने हळू सोडायचं, पाणी खालून निघून जातं. आणि सकाळी पोट भरून खाऊ नका, लाटांवर बोट हलते. आदल्या रात्री दारू तर नकोच.

भुसावळ_जंक्शन
१७ सप्टेंबर, सकाळी ६:५०

मस्करी बाजूला. डाइव्ह केल्यावर विमानात बसू नये म्हणतात ना, मग घाटाचं काय? आपल्याकडे यायचं म्हणजे सह्याद्री चढावाच लागतो.

पांझराकाठ
१७ सप्टेंबर, सकाळी ७:३०

जंक्शन साहेब, चांगला प्रश्न, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती :) दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात, मांसात विरघळतो, वर आल्यावर तो हळूहळू निघतो. लगेच उंचावर गेलात की बाहेरचा दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर विमानासाठी निदान १२ तास, एकापेक्षा जास्त केले तर १८ तास सांगतात. आंबोलीसारखा सहाशे मीटरच्या वरचा घाटही त्याच हिशोबात धरावा. पाच मीटरवर पंधरा मिनिटं गेलेल्याला धोका फारच कमी, पण रात्रभर मुक्काम करून निघायला काय जातं. रेल्वेने आलात तर कोकणातून कल्याणपर्यंत सगळं खालीच, कसारा घाट लागेपर्यंत तास होऊन जातात.

रावेरचा_केळीवाला
१७ सप्टेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. दिवाळी कॅन्सल, डिसेंबर पक्का. मिशीचा निर्णय घरच्यांवर सोडलाय.

रावेरचा_केळीवाला
४ जानेवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. जाऊन आलो!! लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

मंगला एक्सप्रेसने भुसावळहून रत्नागिरी, तिथून दुसऱ्या गाडीने कुडाळ, पुढे मालवण एसटीने. तीन ठिकाणी फोन केले होते, मासोळीताईंचे प्रश्न कागदावर लिहून. पहिला म्हणाला "काका तुम्ही या तर खरं". दुसऱ्याने फोन ठेवला. तिसऱ्याने सगळी उत्तरं दिली आणि वर मलाच विचारलं की दम्याचा, कानाचा काही त्रास? तिथंच ठरवलं. पैसे किनाऱ्यावरच्यांपेक्षा तिप्पट पडले, पडू दे.

आदल्या संध्याकाळी तासभर माहिती, फॉर्म, सामान ओळख. सकाळी कमरेइतक्या पाण्यात सराव. इन्स्ट्रक्टर पंचविशीचा मालवणी पोरगा, किरकोळ अंगाचा, मला म्हणाला गुडघ्यावर बसा आणि तोंड पाण्यात घालून नुसता श्वास घ्या. बसलो. आणि सर, तुम्ही लिहिलं होतं तेच झालं. डोकं पाण्यात गेलं की माझी छाती आपोआप बंद. तोंडात हवा देणारी नळी आहे, हवा येतेय, डोक्याला कळतंय, पण अंग ऐकत नाही, चाळीस वर्षांची सवय, पाणी दिसलं की दम धर. तो पोरगा माझ्या छातीवर दोन बोटांनी टकटक करायचा, सोडा काका, सोडा. मी सोडायचो आणि परत बंद. तीनदा उठून उभा राहिलो. काठावर बायको हसून राहिली.

मग त्याने गंमत केली. तिलाच बोलावलं, वहिनी तुम्ही बसून बघा नुसतं, कमरेइतकंच पाणी आहे. ती नाही नाही करत आली, मास्क लावला, बसली, आणि पहिल्याच झटक्यात शांतपणे बुडबुडे. घेतेय, सोडतेय. दोन मिनिटं, तीन मिनिटं. वर आल्यावर विचारलं कसं जमलं तर म्हणे त्यात काय, चुलीवर फुंकणीने फुंकतो तसं हळूहळू सोडायचं. हिला पोहता येत नाही म्हणून दम धरायची सवयच नाही! विहिरीत गोटे काढणारा मी, आणि वाळूत बसून श्वास घ्यायला तिच्याकडून शिकलो. फुंकणीचं डोक्यात धरलं आणि चौथ्या खेपेला जमलं.

मग बोटीने आत, किल्ल्याच्या बाजूला. सिंधुदुर्ग पाण्यातून बघताना अंगावर काटा आला, महाराजांनी १६६४ ला पाया घातला तो हा किल्ला, आणि त्याच्या बुडाशी आम्ही रबरी सूट घालून. सिलिंडर पाठीवर, कमरेला वजनाचा पट्टा, जॅकेट, जमिनीवर चालताना वाटतं केळीचे दोन घड घेऊन चाललोय, पाण्यात पडलो की काहीच वजन नाही.

दोरीला धरून खाली. डोकं बुडालं की पहिल्यापासून नाक धरून फुंकत होतो, उजवा कान टिक, डावा नाही. माणूसभर खोलीवर डावा दुखायला लागला. पंजा हलवला, कान दाखवला, त्याने लगेच हातभर वर घेतलं, दोरीला धरून थांबलो, परत फुंकलं, मान वाकडी करायला लावली, आणि टिक. कानघसा डॉक्टर, त्या टिकचा आनंद शब्दांत नाही सांगू शकत. एकूण साडेपाच मीटर गेलो, त्याच्या मनगटातल्या घड्याळावर होतं.

आता खरं सांगतो, व्हिडिओसारखं निळंशार काही नव्हतं. हिरवट पाणी, पंधरा-वीस फुटांपलीकडे धूसर. पण जवळचं जे दिसतं ते! पट्टेरी मासे हाताच्या अंतरावर, काळे काटेरी गोळे खडकात (त्यांना हात लावायचा नाही, प्रवाळालाही नाही, तो कायद्याने संरक्षित आहे, असं आधीच दटावलं होतं). पोरीच्या वेणीला लालभडक रबर होतं, खाली ते विटकरी-तपकिरी दिसून राहिलं, वर आल्यावर परत लाल. तिने विचारलं तर इन्स्ट्रक्टर म्हणाला लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो. आणि आवाज. आपलाच श्वास, घेताना शूss, सोडताना बुडबुड बुडबुड, बाकी दुनिया बंद. मळ्यात रात्री पाणी भरायला एकटा असतो तेव्हा अशी शांतता असते, पण तिथं निदान मोटर तरी चालू असते.

फजिती पण सांगतो. एक मोठा मासा, पोपटी रंगाचा, खडक कुरतडत होता, मी खूश होऊन अंगठा वर केला. झालं, त्या पोरानं मला धरून सरळ वर नेलं. वर डोकं काढून विचारतो काका काय झालं? मी म्हटलं काही नाही, मस्त होतं. त्याने कपाळावर हात मारला. परत दोरी, परत कान, परत खाली.

मिशी अर्धी केली होती, तरी मास्कमध्ये थेंब थेंब येतच होतं, दोनदा पाणी काढावं लागलं. २२ मिनिटांत माझं सिलिंडर २०० वरून ७० वर, पोरीचं तेवढ्याच वेळात ११० होतं, म्हणे मोठी माणसं घाबरून जास्त पितात. बायको चार मीटरपर्यंत जाऊन आली, बारा मिनिटं, तिच्यासाठी वेगळा इन्स्ट्रक्टर होता. पोरगा स्नॉर्केलवर वरूनच आम्हाला बघत होता, आता त्याला दहावं वर्ष कधी लागतं याची घाई झालीय.

शेजारच्या बोटीवरून ब्रेडचे तुकडे पडत होते, मासे तिकडे झुंडीने पळाले. शहादेकर, तुमची आठवण आली.

पांझराकाठ
४ जानेवारी, रात्री १०:००

फुंकणी!! उद्या वर्गात सांगणार. नाव न घेता. वहिनींना नमस्कार.

खापरपुरी
४ जानेवारी, रात्री १०:२०

वहिनींचं वाचून डोळ्यात पाणी आलं हो. दादा, एकच विचारा त्यांना, सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?

रावेरचा_केळीवाला
४ जानेवारी, रात्री १०:४५

विचारलं. म्हणे खाली नाही वाटली, बोटीच्या कडेवर बसून पाण्याकडे पाठ करून मागे पडायचं असतं तेव्हा. तिने शेवटी ते केलंच नाही, शिडीने उतरली. शिडीने उतरलं तरी चालतं.

शहादेकर
४ जानेवारी, रात्री ११:१०

आमच्या टकल्याचा व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे, कोणाला ओळखीचा असेल तर सांगा. आम्ही परत जाणार, या वेळी कागद घेऊन.

कानघसा
५ जानेवारी, सकाळी ७:०५

डावा कान आता कसा आहे? ऐकू कमी येत असेल किंवा दुखत असेल तर दाखवून घ्या, आठवडाभर थांबू नका.

रावेरचा_केळीवाला
५ जानेवारी, सकाळी ७:४०

ठणठणीत डॉक्टरसाहेब. बायको हळू आवाजात बोलते तेही ऐकू येतं.

भुसावळ_जंक्शन
५ जानेवारी, दुपारी १:००

ते मंगलाचं रिझर्वेशन किती दिवस आधी काढलं होतं भाऊ? आणि रत्नागिरीला गाडी बदलायला वेळ पुरतो का? आमच्या मंडळींनी तुमची पोस्ट वाचलीय.

रावेरचा_केळीवाला
५ जानेवारी, दुपारी १:२०

६० दिवस आधी, पहिल्याच दिवशी सकाळी आठला. रत्नागिरीला पुढच्या गाडीपर्यंत चांगला वेळ होता, स्टेशनवर जेवलो. मिशी निघताना घरूनच कमी करून जा, तिकडे न्हाव्याने माझी एक बाजू जास्त कापली.